'सध्या काय वाचताय?' : सामायिक वाचनफळ्याच्या नोंदी

४ जानेवारी

काम साधं आहे. आमच्या वाचनगटातल्या प्रत्येकाच्या हातात या घडीला कोणतं पुस्तक आहे, ते बाकीच्यांना न विचारता एका जागी दिसलं पाहिजे. वाचून संपलेल्या पुस्तकांची यादी करायची नाही. तशा याद्या वर्षअखेरीस सगळेच करतात आणि त्यावर 'वा वा'च्या पलीकडे बोलणं होत नाही. पुस्तक संपलं की माणूस पुढच्या पुस्तकात शिरलेला असतो. बोलायची खुमखुमी असते ती मधल्या पानांवर असताना.

आतापर्यंत हे चॅटवर चालायचं. कुणीतरी मुखपृष्ठाचा फोटो टाकायचा, त्याखाली चार अंगठे यायचे आणि संध्याकाळपर्यंत तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जायचा. म्हणून आता सामायिक शीट, म्हणजे सगळ्यांना ऑनलाइन भरता येणारा तक्ता. फॉर्म बनवला आणि सगळ्यांना दिला. रकाने असे: नाव, पुस्तक, लेखक, अनुवादक, प्रकाशक, आवृत्ती, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), भाषा, प्रकार, सुरू केल्याची तारीख, किती वाचलं (टक्के), तारे (५ पैकी), अभिप्राय.

बनवायला एक संध्याकाळ लागली. त्यातला निम्मा वेळ 'प्रकार' या रकान्यातले पर्याय ठरवण्यात गेला.

१० जानेवारी

सुरुवातीला भराभर नोंदी आल्या, मग शुकशुकाट. आलेल्या नोंदी नीट पाहिल्या. जवळपास प्रत्येकाने पुस्तक आणि लेखक लिहून पुढे नुसत्या रेघा ओढल्या आहेत. ताऱ्यांच्या रकान्यात एकाने लिहिलंय, 'अजून विसाव्या पानावर आहे, तारे कसले देऊ?' त्याचं बरोबर आहे. तारे हा संपलेल्या पुस्तकाचा हिशेब. चालू पुस्तकाला तो लागू होत नाही. रकाना उडवला.

'प्रकार'ही उडवला. एका सदस्याच्या हातात असलेलं पुस्तक निम्मं आत्मचरित्र आणि निम्मं प्रवासवर्णन आहे, त्यात मधूनमधून कविता. कुठला पर्याय निवडायचा यावर चर्चा झाली, नोंद झाली नाही. मेल्विल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली सगळी विद्या दहा वर्गांत बसवली, कारण पुस्तक फडताळावर एकाच जागी उभं करावं लागतं. शीटमध्ये फडताळ नाही, मग वर्ग हवाच कशाला?

प्रकाशक, आवृत्ती, भाषा हेही गेले. अनुवादक ठेवला. अनुवादित पुस्तकात आपण वाचतो ती वाक्यं अनुवादकाची असतात आणि पुढे कुणी ते पुस्तक मागितलं तर कुठला अनुवाद हा प्रश्न येतोच.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला चौथा: वाचकाचा वेळ वाचवा. आमचा फॉर्म नेमका तोच खात होता. आता मोबाइलवर उभ्या उभ्या भरता येतो.

१८ जानेवारी

आयएसबीएनची नोंद, जरा लांबलचक. इतरांनी या वाटेने जाऊ नये म्हणून सगळं लिहिते.

आयएसबीएन ठेवण्यामागचा विचार असा की दोघं एकच पुस्तक वाचत असतील तर शीटने ते आपोआप ओळखावं आणि दोन्ही ओळी एकाच रंगात दाखवाव्यात. नावाच्या स्पेलिंगचे घोळ आकड्यात नसतात, असं वाटलं होतं.

पहिली अडचण: तेरा आकडी संख्या चिकटवली की शीट ती ९.७८ ई+१२ अशी, मोठ्या संख्यांच्या आखूड रूपात दाखवतं. रकान्याची मांडणी आधीच 'साधा मजकूर' अशी केली तर हे होत नाही. नंतर बदलली तर तेरा आकडे परत दिसतात, पण जुन्या दहा आकडी क्रमांकाच्या सुरुवातीचं शून्य एकदा गळलं की गळलं. ते पुन्हा हाताने घालावं लागतं.

दुसरी अडचण: आयएसबीएन हे आंतरराष्ट्रीय मानक झालं १९७० साली. त्याआधी छापलेल्या पुस्तकावर क्रमांक नसतो, आणि आमच्यातले तिघं-चौघं कायम जुनी पुस्तकंच वाचतात. १ जानेवारी २००७ पासून क्रमांक दहाऐवजी तेरा आकड्यांचा झाला. जुन्या क्रमांकाच्या सुरुवातीला ९७८ जोडलं की झालं, असं एकाने केलं. तसं होत नाही, शेवटचा तपासणीचा आकडा नव्याने काढावा लागतो. दहा आकडी क्रमांकात तो आकडा ११ च्या भागाकाराने काढतात, म्हणून कधीकधी तिथे रोमन 'एक्स' येतो, म्हणजे १०. तेरा आकडीत एकाआड एक आकड्याला १ आणि ३ ने गुणून बेरीज करतात आणि ती १० ने नि:शेष भागली गेली पाहिजे.

हा तपास शीटमध्ये बसवला आणि टायपिंगच्या चुका पकडल्या जाऊ लागल्या. तरी एक निसटली. शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले आणि त्यांच्यात ५ चा फरक असला (१ आणि ६, २ आणि ७) तर तेरा आकडी तपासणीला ते कळत नाही. एक जागा १ ने आणि दुसरी ३ ने गुणलेली, म्हणून बेरजेत फरक पडतो तो अंतराच्या दुप्पट, म्हणजे बरोब्बर १०. जुन्या दहा आकडी पद्धतीत ही अदलाबदल लगेच सापडायची.

हे सगळं दुरुस्त करून शेवटी जुळणी चालवली, तर मूळ कामच फसलं. एकच कादंबरी तिघं वाचत होते. एकाकडे पुठ्ठा बांधणीची, एकीकडे कागदी बांधणीची, तिसऱ्याकडे ई-बुक. तीन बांधण्या, तीन आयएसबीएन, शीटच्या मते तीन वेगळी पुस्तकं. आयएसबीएन हा विक्रीला आलेल्या विशिष्ट वस्तूचा क्रमांक आहे, लेखकाने लिहिलेल्या कृतीचा नाही. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, इफ्लाने, १९९८ साली यासाठी चार पातळ्यांची मांडणी केली: कृती, तिचं एखाद्या भाषेतलं किंवा अनुवादातलं रूप, छापलेली आवृत्ती आणि हातातली प्रत. आम्हाला पहिली पातळी हवी होती आणि आम्ही तिसरीचा क्रमांक गोळा करत बसलो होतो.

रकाना काढला. आख्खा रविवार गेला. जुळणी आता डोळ्यांनी करतो. पंचवीस-तीस ओळींत दोन सारखी पुस्तकं शोधायला यंत्र लागत नाही.

२५ जानेवारी

डोळ्यांनी जुळणी होते, पण शोध चालत नाही. पुस्तकाचं नाव समोर दिसतंय आणि शोधपट्टी म्हणते, सापडलं नाही. सापडलेली कारणं, ज्यांना देवनागरीत शीट करायचंय त्यांच्यासाठी:

'ॲ' दोन प्रकारे टाइप होतो. एक, युनिकोडमधलं (संगणकासाठी प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकातलं) स्वतंत्र अक्षर, जे २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. दोन, 'अ' आणि त्यावर वेगळा चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची प्रक्रिया चालवली तरी ते एक होत नाहीत, हाताने बदलावे लागतात.

'दुसऱ्या'मधला र सुद्धा दोन तऱ्हांनी येतो. काही कळफलक नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ वापरतात, काही साधा र आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. ते अदृश्य चिन्ह नावाची नक्कल करून चिकटवली की बरोबर येतं आणि शोधताना आडवं येतं.

विसर्ग. 'दुःख' लिहिताना निम्मे लोक विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाइप करतात. वरच्या नोंदीत मीही तेच केलंय, 'नि:शेष' पाहा. कळफलकावर तो पटकन सापडतो, दुसरं काय.

आकडे. कुणी 'भाग २' देवनागरीत लिहितं, कुणी रोमन आकड्यात.

उपाय म्हणून एक लपवलेला रकाना केला. त्यात एका अक्षराच्या जागी दुसरं घालणारं सब्स्टिट्यूट सूत्र एकात एक घालून या चारही जोड्या एकाच रूपात आणल्या, मोकळ्या जागाही काढल्या. शोध त्या रकान्यात होतो, लोकांना दिसतो मूळ रकाना. लोकांना 'असं टाइप करा' सांगून काही होत नाही, तो प्रयोग आधी करून पाहिला. अकारविल्हे लावायचाही विचार होता, तो सोडला. शेवटची नोंद वर, एवढंच.

२ फेब्रुवारी

'किती वाचलं' हा रकाना.

टक्के मागितले तर ई-बुकवाले पटकन देतात, कारण उपकरण ते दाखवतं. छापील पुस्तकवाल्याला भागाकार करावा लागतो, म्हणून तो अंदाजे '५०' लिहितो आणि पुढे कितीही वाचलं तरी पन्नासवरच राहतो. पान क्रमांक मागितला तर उलटं होतं. ई-बुकमध्ये अक्षर मोठं केलं की पडद्यांची संख्या वाढते, त्यामुळे एकाचं २१० वं पान दुसऱ्याच्या उपकरणावर त्या ठिकाणी नसतंच. काही ई-बुकांत छापील आवृत्तीचे पान क्रमांक दिलेले असतात, सगळ्यांत नसतात. ऐकणाऱ्यांचं तिसरंच: त्यांना तास आणि मिनिटं दिसतात, त्यातही ९ तासांचं पुस्तक दीडपट वेगाने ऐकलं की ६ तासांत उरकतं.

टक्के आणखी एका बाबतीत फसवतात. इतिहासाचं जाडजूड पुस्तक वाचणारी एक सदस्य आठवडाभर ६८ टक्क्यांवर होती. आम्ही समजलो अजून तिसरा हिस्सा शिल्लक आहे. एके दिवशी कळलं की मूळ मजकूर ७१ टक्क्यांवर संपतो, पुढे नुसत्या टिपा, संदर्भ आणि सूची. ती शेवटच्या प्रकरणात होती आणि तिच्याशी त्यावर बोलायला कुणी गेलं नाही, कारण सगळे तिचं वाचून होण्याची वाट पाहत होते.

आता टक्के नाहीत, पान नाही. फक्त प्रकरण. छापील, ई-बुक, ध्वनिपुस्तक, तिन्हींत ते बहुतेक तेच राहतं. अपवाद आहेत. संक्षिप्त आवृत्तीत प्रकरणं एकत्र केलेली असतात, काही कादंबऱ्यांना प्रकरणंच नसतात. तिथे 'तो गाव सोडून जातो तिथपर्यंत' असं लिहायचं. आणि खरं सांगायचं तर हेच जास्त चांगलं. आकड्यावरून कुणी कुणाला काही विचारत नाही. 'तो गाव सोडून जातो' वाचल्यावर ज्याने ते पुस्तक वाचलंय तो लगेच बोलायला येतो.

९ फेब्रुवारी

शीटला हात लावला नाही. वाचत बसले.

१५ फेब्रुवारी

अपेक्षित भांडण झालं. एका रहस्यकथेच्या ओळीत अभिप्राय म्हणून कुणीतरी खुनी कोण ते लिहून टाकलं. ती कादंबरी आणखी दोघं वाचत होते.

सुचवलेले उपाय: अभिप्रायाचा रकाना पांढऱ्या अक्षरात करावा, निवडल्यावरच दिसेल. मोबाइलवर निवडणं जिकिरीचं, शिवाय शोधपट्टीत सगळं उघडं पडतं. जुन्या इंटरनेटवर यासाठी रॉट१३ वापरायचे, प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरं पुढे सरकवायचं. अक्षरं २६, म्हणून पुन्हा तेच केलं की मूळ मजकूर परत. देवनागरीत स्वर, व्यंजनं, मात्रा वेगवेगळ्या, तेरा घरं सरकवली तर मात्रेच्या जागी व्यंजन येऊन बसेल. एकाने हौसेने करून दाखवलं. वाचून हसलो आणि सोडून दिलं.

जे टिकलं ते फार साधं आहे. अभिप्राय मुख्य रकान्यात लिहायचा नाही, त्या घराला जोडलेल्या टिपणीत लिहायचा. टिपणी उघडल्याशिवाय दिसत नाही. आणि पहिले शब्द कायम 'प्रकरण अमुक नंतर वाचा'. प्रकरणाचा रकाना नुकताच केला होता, तो इथे फळला.

१ मार्च

सगळ्यात मोठी अडचण आता दिसतेय. शीट भरलेलं आहे आणि मेलेलं आहे. जानेवारीत 'सध्या वाचतोय' म्हणून टाकलेली पुस्तकं अजून सध्याच वाचली जात आहेत. त्यातली बरीच कुणी उघडलेलीही नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बघायला येणाऱ्याला यातलं खरं कुठलं ते कळत नाही, म्हणून बघणं बंद.

'स्थिती' नावाचा पर्यायांचा रकाना मध्यंतरी जोडला होता: वाचतोय, संपलं, सोडलं. तपासून पाहिलं. 'संपलं' बऱ्याच ठिकाणी आहे, 'सोडलं' एकाही ओळीत नाही. इतकी माणसं, इतकी पुस्तकं, आणि एकानेही एकही पुस्तक मध्येच ठेवलं नाही? जॉर्डन एलनबर्ग या गणितज्ञाने २०१४ साली याचा गमतीदार हिशेब मांडला होता. ई-बुकमध्ये वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली पाच वाक्यं कोणत्या पानांवर आहेत ते पाहायचं, सरासरी काढायची आणि एकूण पानांनी भागायचं. सगळ्या खुणा सुरुवातीच्या पानांत दाटल्या असतील तर पुढे फारसं कुणी गेलेलं नाही. स्टीफन हॉकिंग यांच्या, अनेकांनी घेतलेल्या पण थोड्यांनीच पूर्ण वाचलेल्या पुस्तकावरून याला त्याने हॉकिंग निर्देशांक म्हटलं. शास्त्रीय असल्याचा दावा त्याने केला नव्हता, पण गाजलेली काही पुस्तकं त्यात दहा टक्क्यांच्याही खाली निघाली. ती विकत घेणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर 'वाचतोय' असंच उत्तर आलं असतं.

म्हणजे 'सोडलं' हा पर्याय निवडायला लोकांना जड जातंय. तो निवडायला लावायचाच कशाला? स्थितीचा रकाना काढला. त्याऐवजी नोंदीला आपोआप उतार लावला: शेवटच्या नोंदीची तारीख आजपासून २१ दिवसांहून जुनी झाली की ओळ राखाडी होते, ४२ नंतर ती दुसऱ्या पानावर जाते. कुणाला काही जाहीर करावं लागत नाही. पुन्हा वाचायला घेतलं की तारीख बदलायची, ओळ परत वर.

करताना लागलेल्या ठेचा:

एक. 'आज' देणारं टुडे हे सूत्र फक्त रंगाच्या नियमात वापरायचं. एका सदस्याने तारखेच्या घरातच ते सूत्र टाकलं, त्यामुळे त्याची नोंद दर सकाळी आपोआप ताजी. कळायला बराच वेळ लागला, कारण तो खरंच वाचत असेल असं वाटत होतं. तारीख टाकायची तर कंट्रोल आणि सेमिकोलन ही कळ दाबायची, ती स्थिर तारीख टाकते.

दोन. शीटची प्रादेशिक मांडणी अमेरिकी होती. तिथे महिना आधी. ३/२ म्हणजे ३ फेब्रुवारी असं आपण लिहितो, शीटने २ मार्च वाचलं. १५/२ तर त्याला तारीखच वाटेना, कारण पंधरावा महिना नाही. ते साधा मजकूर म्हणून राहिलं आणि त्या ओळी कधीच राखाडी झाल्या नाहीत. मांडणी आधी बदला, मग तारखा भरा. आम्हाला भरलेल्या तारखा एकेक तपासाव्या लागल्या.

तीन. २१ हा आकडा हवेतला आहे. आधी ७ ठेवला होता, तेव्हा जाड पुस्तकं वाचणारे वैतागले.

१६ मार्च

उतारानंतर फरक पडला. राखाडी ओळींबद्दल कुणी कुणाला टोकत नाही आणि वरचं पान खरं वाटू लागलंय.

पण काहींच्या नोंदी मुळातच येत नाहीत. एका ज्येष्ठ सदस्यांना विचारलं, तर म्हणाले, 'वाचतोय, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही.' ते एका आजाराविषयी वाचत होते, घरातल्या कुणासाठी तरी. हे आधी लक्षात यायला हवं होतं, कारण ग्रंथालयांनी यावर पूर्वीच विचार केलेला आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचं वाचकांच्या नोंदी गोपनीय ठेवण्याविषयीचं धोरण १९७१ सालचं आहे. कोण काय वाचतंय यावरून माणसाच्या मनातलं, घरातलं, अंगातलं बरंच काही बाहेर येतं.

दोन बदल केले. पुस्तकाच्या नावाशिवायही नोंद करता येते: 'एक पुस्तक, नाव सांगत नाही, प्रकरण ४'. विनोदी दिसतं, पण लोक वापरतात. आणि दुसऱ्या पानावर गेलेल्या ओळी महिन्याभराने पुसायच्या, संग्रह ठेवायचा नाही. आकडेवारीची आवड असलेल्या दोघांनी विरोध केला. त्यांनी स्वतःची वही ठेवावी.

३० मार्च

कागदी फळा. आमच्यातल्या काहींना शीट उघडायचा मुळातच कंटाळा आहे, आणि जिथे आम्ही भेटतो तिथे भिंत आहे.

रचना उसनी घेतली आहे. नीना ब्राउन या अमेरिकन ग्रंथपालाच्या नावाने ओळखली जाणारी पुस्तक देवघेवीची पद्धत, १८९५ सालची. वाचकाला ठराविक खिसेवजा तिकिटं मिळतात. पुस्तक नेलं की पुस्तकातलं कार्ड काढून वाचकाच्या खिशात ठेवायचं आणि ती जोडी तारखेप्रमाणे लावायची. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, खिसा वाचकाला, आणि कुणी काय नेलं होतं याचा मागमूस उरत नाही. गोपनीयतेसाठी आम्ही शीटमध्ये जी खटपट केली ती इथे रचनेतच आहे.

शिवाय खिसे मोजके असले की पुस्तकंही मोजकी राहतात. शीटमध्ये एकाच्या नावावर अकरा पुस्तकं 'चालू' होती. फळ्यावर प्रत्येकाला तीन खिसे. चौथं पुस्तक टाकायचं तर आधीचं एक काढा. यावर कुरकुर झाली, नियम मात्र तसाच आहे.

कृती: जाड पुठ्ठा, त्यावर जुन्या लिफाफ्यांचे खालचे अर्धे भाग चिकटवले. कार्डं ३ बाय ५ इंचाची, ग्रंथालयाच्या तालिकेत असायची त्या मापाची. पहिल्यांदा लिफाफे तिन्ही बाजूंनी डिंकाने चिकटवले. सुकताना कागद आकसला, खिसे फुगले आणि कार्डं तिरकी बसू लागली. दुसऱ्या वेळी पाठीला दुहेरी चिकटपट्टी लावली, ते सरळ राहिले. खिसा कार्डाहून किमान बोटभर आखूड हवा, नाहीतर पुस्तकाचं नाव आतच जातं. आमची पहिली ओळ त्यामुळे वाया गेली.

कार्डावर पुढच्या बाजूला पुस्तक, लेखक, कुठे आहे (म्हणजे कुठवर वाचलंय). अभिप्राय मागच्या बाजूला. रहस्यफोडीचा प्रश्न असा सुटला की हसू आलं. ज्याला वाचायचंय तो कार्ड काढून उलटं करतो.

१३ एप्रिल

कार्डावर आम्ही न ठरवलेली एक गोष्ट सुरू झाली आणि आता तिच्यासाठीच लोक फळ्याकडे जातात.

एकीने 'कुठे आहे' या ओळीत प्रकरण न लिहिता लिहिलं: 'सगळ्या काकांची नावं सारखी, कोण कुणाचा ते कळेना.' तीन पिढ्यांची कादंबरी होती. पुढच्या भेटीपर्यंत त्या कार्डामागे दुसऱ्या कुणीतरी वंशावळ काढून ठेवली, तिने कुठवर वाचलंय ते पाहून तिथवरचीच. मग दुसऱ्याने लिहिलं, 'तिसऱ्या प्रकरणात झोप येते.' त्यावर उत्तर आलं, 'चौथं आधी वाचा, तिसऱ्यातला सिद्धांत तिथल्या उदाहरणांनंतर कळतो.' एका अनुवादावर एकजण अडला होता. त्याच कृतीचा दुसरा अनुवाद आणखी एकाकडे निघाला, दोघांनी एकच परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचला आणि पहिल्याने पुस्तक बदललं.

हे शीटवर का झालं नाही याचा विचार केला. तिथे 'अभिप्राय' असा रकाना होता. अभिप्राय म्हटलं की लोक मत देतात, मत द्यायला पुस्तक कळलेलं असावं लागतं, म्हणून निम्म्यात असलेला माणूस गप्प बसतो. अडलंय काय ते सांगायला मात्र काहीच कळलेलं असावं लागत नाही. आणि ज्याने ते पुस्तक आधी वाचलंय त्याला मत ऐकण्यापेक्षा ही विचारणा जास्त आवडते, कारण इथे त्याच्या वाचनाचा काहीतरी उपयोग होतो.

कार्डावर आता छापील तीन ओळी: पुस्तक आणि लेखक, कुठे आहे, काय अडलंय. शीटमधला 'अभिप्राय' खोडून तिथेही 'काय अडलंय' केलं. रकाना रिकामा असला तरी चालतो. हळूहळू भरतोय, पण भिंतीवरच्याइतका नाही. तिथे पेन्सिल हाताशी असते, हे एक कारण असावं.

काहींनी कार्ड काढताना मागे कारण लिहायला सुरुवात केली आहे: 'भाषा आवडली, माणसं नाही', 'आत्ता हे वाचायची मनःस्थिती नाही', 'दुसऱ्या भागापेक्षा पहिलाच पुन्हा वाचेन'. 'सोडलं' या पर्यायाला महिनोन्‌महिने कुणी शिवलं नव्हतं. इथे कुणी मागितलं नाही आणि सांगतायत. ही कार्डं फेकायची की ठेवायची यावर एकमत नाही. लिहिणाऱ्याने घरी न्यावं, असं तूर्त ठरलंय.

२७ एप्रिल

राहिलेली कामं.

कवितासंग्रह, कोश आणि पुन्हा पुन्हा वाचायची पुस्तकं कशी दाखवायची ते सुटलेलं नाही. ती कधी संपत नाहीत, म्हणून तीनपैकी एक खिसा कायमचा अडवतात. चौथा, अरुंद खिसा 'उशाशी' म्हणून द्यावा असं एकीचं म्हणणं. अरुंद केला तर कार्डही वेगळं कापावं लागेल. पाहू.

मुलांना वाचून दाखवलेली पुस्तकं धरायची का? धरायची. एकच गोष्ट रोज रात्री वाचणाऱ्या बापाने त्यावर जे लिहिलंय ते अख्ख्या फळ्यावर सगळ्यात धारदार आहे.

दोन ठिकाणी नोंद ठेवणं जड होतंय. शीटवरची माणसं फळा बघत नाहीत आणि फळ्यावरची शीट. सध्या भेटीनंतर एकजण फळ्याचा फोटो काढून शीटच्या पहिल्या घरात टाकतो. पहिल्या फोटोत पेन्सिलीचं काहीही दिसलं नाही, कार्डांवर उजेड चकाकत होता. आता कार्डावर काळं बॉलपेन, फोटो बाजूने आणि फ्लॅश बंद. पेन्सिली फळ्यापाशी अजून आहेत, त्या उचलायच्या आहेत.